माप आपल्याच घराचे

लोकलमध्ये ‘चौथी सीट’ किती इंचांची, हे आम्हा डोंबिवलीकरांना पक्के ठाऊक. घरातल्या भिंतीची लांबी मात्र सुतारालाच ठाऊक! इटलीच्या एन्झो मारींनी १९७४ मध्ये फळ्या आणि खिळ्यांतून घरीच टेबल-खुर्च्या करण्याचे आराखडे लोकांपुढे ठेवले. ते जरूर घ्यावेत, पण जसेच्या तसे नव्हे. ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत टेबल घडीचे हवे, बाकाखाली गाद्या मावायला हव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून खणाला थोडी फटही हवी. पैसे वाचतील न वाचतील. पण मला वाटते, एक फळी स्वतः सरळ कापून पाहिली, की सुताराच्या मजुरीवर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. घरातल्या मुलांनी एवढे शिकले तरी पुष्कळ.