सात मात्रा आणि डावा पाय

बंगळुरूला बदली झाल्यापासून जे. पी. नगरात राहतो. रामनवमीच्या दिवसांत या बाजूच्या देवळांत कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. (इथे मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात. आपल्या कचेरीत असतं त्याच्या अगदी उलट, इथे सगळे जागे असतात.) प्रसादाला पानक आणि कोसंबरी.

मी गायकापेक्षा श्रोत्यांच्या हातांकडे जास्त बघतो. भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसलेल्या आजीसुद्धा मांडीवर ताल धरतात. आदितालाला एक टाळी, तीन बोटं, मग टाळी आणि पालथा हात दोनदा. आठ मात्रा झाल्या. मिश्र चापू सुरू झाला की तेच हात तीन अधिक चार असे सात मोजतात, खंड चापूत दोन अधिक तीन असे पाच. कुणी गोंधळत नाही.

आपल्याकडे मात्र संयोजक सांगतात, विषम ताल लोकांना झेपत नाहीत, ठेका धरता येईल असं काहीतरी घ्या. हे मला पटत नाही. 1959 साली डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीनं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत वाजवलं आणि ते जगभर खपलं. हॅनन आणि ट्रेहब या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन संगीतातल्या विषम ठेक्यातली चूकही कळते, पण तिथल्याच मोठ्यांना ती कळत नाही. म्हणजे कान उपजत चौकोनी नसतो, आपण तो तसा करतो.

फौजेत तर तो करूनच घेतात. तेज चल, मिनिटाला 120 पावलं, आणि ढोलाचा मोठा ठोका डाव्या पायावर. सातच्या तालावर परेड चालवून बघा! पहिल्या आवर्तनात सम डाव्या पायावर, दुसऱ्यात उजव्या पायावर. उस्ताद वेडा होईल. परेडला ते योग्यच आहे, पण निवृत्तीनंतरही कानाला बूट घालून ठेवायचं कारण नाही.

आणि आपल्याला हे नवं कुठे आहे? झपतालातली नाट्यपदं, रूपकातली भावगीतं आपल्या घरात लहानपणापासून वाजतात. तोंडपाठ असतात, पण मोजायला कुणी शिकवलेलं नसतं. मग मंचावरून ‘हात वर, टाळ्या!’ असा हुकूम येतो, सगळे दोन-दोनच्या टाळ्या देतात आणि बिचारा तबलजी दुसरीकडे बघत वाजवतो.

त्यापेक्षा निवेदकानं गाण्याआधी एकदा हातावर मोजून दाखवावं. मिनिटभराचं काम आहे. रूपकात तर मुलांना मजाच येईल, कारण समेलाच खाली असते. तिथे हात नुसता उलटायचा, आणि टाळी द्यायची ती चौथ्या आणि सहाव्या मात्रेला.