घोडीपाशींचा आवाज

नागपूरजवळील हिंगण्याहून एक भगिनी लिहितात : "चिरंजीवांनीं पहिल्या पगारांतून आपल्या विजेच्या गिटारीसाठीं 'हंबकर' नांवाची वस्तु आणण्याचें मनांत घेतलें आहे. घोडीपाशींचा आवाज कर्कश येतो, असें त्यांचें म्हणणें. मामंजींना घरांत गोंगाट नको. यजमानांच्या मतें हा पैशाचा चुराडा. यजमान कारखान्यांत मोटारींचीं वेटोळीं भरण्याच्या कामावर आहेत. आठ दिवस बापलेक एका पंक्तीला बसत नाहींत. मीं काय करावें?"

भांडणापूर्वीं वस्तु समजून घ्यावी, हें बरें. गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याच्याशीं निगडित असें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. वरची तार कंप पावली कीं वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकाकडे जातो. यासच पिकप म्हणतात. मात्र घरांतील विजेची गुणगुणही हें वेटोळें टिपतें. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं यावर दोन वेटोळ्यांचा पिकप सिद्ध केला. दोहोंचे वेढे व चुंबकाचीं टोकें परस्परविरुद्ध ठेविल्यानें तारेचा नाद मिळून वाढतो, गुणगुण मात्र परस्परांस मारते. मामंजींना नको असलेला एक गोंगाट घालविण्यासाठींच ही वस्तु जन्मास आली आहे!

आतां निवड. घोडीजवळ तार थोडीच हलते. म्हणून तेथला आवाज टोंकदार व पातळ. ब्लूज-रॉकमध्यें तार ओढून मींडेसारखें गावयाचें असतें. हलका व जोरकस आघात निरनिराळा ऐकूं आला पाहिजे. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यांनीं जॉन मेयॉल यांच्या संघाबरोबर केलेली तबकडी या वादनाचा आदर्श मानली जाते. अतिशय जोरदार पिकपानें हा भेद बुजतो. यासाठीं सुमारें ८ ते ९ किलोओहम रोधाचा, अल्निको चुंबकाचा पिकप पुरे. अल्निको ५ ठसठशीत, अल्निको २ मृदु. गिटार मुळांतच कर्कश असल्यास दुसरा पाहावा. सिरॅमिक चुंबकाचे बहुतेक जोरदार पिकप याहून उग्र वादनासाठीं असतात. केवळ रोधाच्या आंकड्यावर मात्र भुलूं नये. तार बारीक केली तरी तो वाढतो. घोडीवरील तारांमधील अंतरही मोजून घ्यावें.

परंतु खरेदीपूर्वीं एक बिनखर्ची उपाय आहे. सध्यांच्या पिकपाच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल करून तो तारांपासून किंचित् खालीं न्यावा व ऐकावें. कित्येकदां कर्कशपणा तेवढ्यानेंच उतरतो. नच उतरला, तर चिरंजीवांचा हट्ट रास्त समजावा.

मामंजींना एवढेंच सांगावें कीं, तंबोऱ्याची जवारी घोडीवरच लागते आणि तिच्यासाठीं जाणते लोक मिरजेच्या कारागिरांकडे जातात. मुलगाही आपल्या घोडीपाशीं जवारीच शोधतो आहे.

आणि स्क्रू फिरविण्याचें काम यजमानांकडे द्यावें. वेटोळ्यांत त्यांचें आयुष्य गेलें. मुलाचें वेड आपल्याच धंद्यांतलें आहे, हें त्यांस ठाऊक नसावें. दोघे एका पेंचकसावर वांकले, म्हणजे पंक्तीचा प्रश्न आपोआप सुटेल, असा आमचा भरंवसा आहे.