पंपगृहाची नोंदवही आणि काविळीचे रुग्ण

‘वीजपुरवठा खंडित झाल्याने पंप बंद, उद्याचे पाणी परवा’ हा निरोप महाराष्ट्रातल्या अनेक शहरांच्या अंगवळणी पडला आहे. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी पैठणजवळून उपसून चढावर आणावे लागते आणि नळाला ते काही दिवसांआड येते. तिथे पंप थोडा वेळ थांबला तरी वसाहतींचे वेळापत्रक कोलमडते. मग पंपगृहातल्या कर्मचाऱ्यावर एकच दबाव असतो, पंप लवकर सुरू करा. वीज आली की लगेच, पुन्हा गेली आणि आली की पुन्हा लगेच. या घाईचा संबंध रुग्णालयातल्या खाटांशीही आहे, पण चर्चा होते ती फक्त किती दिवस पाणी आले नाही याची.

मोठी मोटार थेट विजेवर सुरू केली की पहिले काही सेकंद ती नेहमीच्या सहा-सात पट विद्युतप्रवाह खेचते. तिचा फिरणारा भाग पूर्ण वेग घेईपर्यंत त्यात जेवढी गतिज ऊर्जा साठते, साधारण तेवढीच उष्णता त्याच भागात तयार होते. ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून मोठ्या मोटारींसाठी सर्वसाधारण दंडक असा, की थंड मोटार लागोपाठ फार तर दोनदा आणि तापलेली एकदाच सुरू करावी, नंतर तिला विश्रांती द्यावी. ग्रामीण भागात हे वेगळे सांगायला नको. ऑटो स्विच लावलेले सगळे कृषिपंप वीज येताच एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरचे काय होते, हे गावोगाव ठाऊक आहे. त्यात चढावरचे पाणी मागे फिरून पंप उलटा फिरत असेल आणि अशा वेळी बटण दाबले गेले, तर शाफ्टच तुटू शकतो. मोटार जळाली की रिवाइंडिंग, टँकर आणि घरोघरी भरून ठेवलेली पिंपे. त्या पिंपांतच डेंग्यूचे डास वाढतात.

पण खरी गोष्ट मोटारीची नाही, नळातल्या पाण्याची आहे. वाहते पाणी एकदम अडवले तर जलवाहिनीत दाबाची लाट उठते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८च्या सुमारास याचे प्रयोग केले आणि गणित मांडले. लोखंडी वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबले, तर दाब सुमारे शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका बदलतो. पंप अचानक बंद पडतो तेव्हा आधी दाब कोसळतो, मग लाट परत येऊन आदळते. जुन्या वाहिन्या फुटतात त्या या धक्क्यांनीही.

फुटलेली वाहिनी निदान दिसते. दाब कोसळतो त्या काही सेकंदांत काय झाले, ते दिसत नाही. वाहिनीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की ज्या भेगेतून एरवी पाणी बाहेर गळते, तीच भेग बाहेरचे पाणी आत ओढते. शेजारी गळकी मलवाहिनी असेल तर मैलापाणी आत येते. एअर व्हॉल्व्हचे चेंबर तुंबलेले असेल तर तिथूनही. पाणी आधी जलकुंभात जात असेल तर वस्तीतल्या वाहिन्यांना थोडे संरक्षण मिळते, पंपातून थेट वस्तीकडे जात असेल तर तेही नाही. आपल्याकडे नळ ठरावीक तासच येत असल्याने वाहिन्या तशाही रिकाम्या होतात, हे खरे. म्हणून प्रत्येक जादा बंद-चालू क्षम्य ठरत नाही, उलट आधीच असलेल्या धोक्यात ती भर आहे.

आता वैद्यकीय बाजू. पटकी काही तासांत किंवा पाच दिवसांच्या आत दिसतो. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस ई या काविळीला दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली होती. त्या साथीचे खापर कुठल्या पंपावर फोडण्याचे कारण नाही. पण रुग्णांचे डोळे पिवळे होतात तेव्हा दूषित पाणी पिऊन महिना उलटलेला असतो, आणि त्या रात्री पंप चार वेळा बंद-चालू झाला होता, हे कोणाला आठवणार? ते पंपगृहाच्या नोंदवहीत असते. रुग्णांची नोंद रुग्णालयात असते. या दोन वह्या एका टेबलावर सहसा येत नाहीत, आणि ही ढिलाई महागात पडणारी आहे. हा आजार बहुतेकांना आपोआप बरा होतो, मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत शंभरात वीस ते पंचवीस स्त्रियांचा जीव घेऊ शकतो.

उपाय आहेत, पण एकाच यंत्राने सगळे साधत नाही. सॉफ्ट स्टार्टर किंवा वेग बदलणारी ड्राइव्ह बसवली की मोटार हळूहळू सुरू होते, बंद करतानाही हळू थांबवता येते. वीजच गेली तर मात्र ही दोन्ही साधने हतबल. तिथे दाबाची लाट झेलणारी हवेची टाकी लागते आणि वीज आल्यावर ठरावीक वेळ मोटार सुरूच होऊ न देणारा टायमर. निविदेत नुसती अश्वशक्ती पाहून भागत नाही. नागरिकांनीही आपल्या घराकडे पाहावे. नळाला थेट लावलेला टिल्लू पंप गल्लीतल्या वाहिनीत तेच करतो, दाब कमी करून आजूबाजूची घाण आत ओढतो. शेजाऱ्याला कमी पाणी मिळते एवढीच तक्रार त्याबद्दल होते.

पंप पुन्हा सुरू झाल्यावर वाहिनीच्या अगदी शेवटच्या नळावर ओटी चाचणी व्हायला हवी. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले नसेल तर ते पाणी उकळूनच प्यावे, आणि तसे लोकांना त्याच दिवशी सांगावे. ज्या दिवशी पंप वारंवार थांबला, ती तारीख आणि त्या भागाचे नाव आरोग्य विभागाला कळवायला एक फोन पुरतो. त्यानंतरचे दहा आठवडे त्या भागातल्या प्रत्येक गर्भवतीला तपासणीच्या वेळी दोनच प्रश्न जास्तीचे विचारायचे, भूक लागते का आणि लघवी गडद पिवळी होते का.