मुक्या जनावरांचा जमाखर्च

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित समाजाचे तत्काळ दोन तट पडतात. एका तटाच्या मते ही कुत्री म्हणजे केवळ उपद्रव. ती एका रात्रीत कोठेतरी नाहीशी व्हावीत, कोठे ते कोणी विचारू नये. दुसऱ्या तटाच्या मते ती निव्वळ करुणेचा विषय. त्यांस पोळी-बिस्किटे घालावीत आणि चाव्याचे नाव काढणारास निर्दय ठरवून मोकळे व्हावे. पहिला तट वर्तमानपत्रांस पत्रे लिहितो, दुसरा न्यायालयात अर्ज करतो, आणि या गलबल्यात एक अगदी नीरस, परंतु सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच पडून राहतो. तो प्रश्न असा की, या जनावरांच्या निवाऱ्याचा खर्च कोणत्या खात्यातून, कोणत्या हिशेबाने आणि दर महिन्यास कोणी करावयाचा? आमचे म्हणणे असे आहे की, आपल्या नगरपालिकांनी हा खर्च आजवर कधी स्वतःचा मानलाच नाही. त्यांनी तो कधी दंडावर भागविला, कधी धर्मादायावर लोटला आणि आता नगामागे ठरविलेल्या मजुरीवर उरकून टाकला आहे.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नात तीन वेळा हात घातला. ११ ऑगस्टला हुकूम झाला की, दिल्ली व आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा आणि ते निवारे उभारून आठ आठवड्यांत कळवा. २२ ऑगस्टला त्रिसदस्य पीठाने तो हुकूम बदलला : कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून ती पूर्वीच्या जागी सोडावीत, फक्त रेबीजची व आक्रमक कुत्री सोडू नयेत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथून धरलेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत, आणि महामार्गांवरची मोकाट गुरेही हलवून गोशाळांत वा निवाऱ्यांत न्यावीत, असे फर्मावण्यात आले. या आज्ञांच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. त्यांतला 'निवारा' हा शब्द मात्र वाचकांनी पुन्हा एकदा नीट वाचावा. जणू प्रत्येक शहराच्या वेशीबाहेर एक निवारा बांधून, झाडून, पाणी भरून तयार आहे आणि केवळ त्याची किल्ली तेवढी सापडत नाही!

किल्ली नव्हे, तेथे घरच नाही. आणि ते का नाही, हे समजावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा शिरस्ता मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच पाडला होता. मारणाऱ्या शिपायास दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांचा लोभ सुटल्यावर भटके कोणते व पाळलेले कोणते, हा विवेक कोठला टिकणार? शिपाई लोकांच्या दारातली कुत्री ओढू लागले. पारशी समाजात कुत्र्यास धार्मिक मान. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा अंत्यविधीच आहे. तेव्हा १८३२ च्या जूनमध्ये फोर्टात दंगा उसळला, दुकाने बंद झाली आणि लष्कर बोलवावे लागले. या दंग्याकडे धार्मिक क्षोभ म्हणून पाहण्याची चाल आहे, व ते खोटेही नाही. पण आमच्या दृष्टीने त्याचे बीज त्या आठ आण्यांत आहे. सरकारने मजुरी कामाची ठरविली नव्हती, नगाची ठरविली होती.

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ निघाले. त्याच्या चरितार्थासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, साखर इत्यादी मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसविला. आम्हांस या गोष्टीचे मोठे नवल वाटते. त्या व्यापाऱ्यांनी एकदाच थैली ओतून आपले नाव दगडावर कोरून घेतले असते तर कोणी त्यांस नावे ठेवली नसती. परंतु ते हिशेबी लोक होते. जनावर रोज खाते, म्हणून पैसाही रोज आला पाहिजे, हे त्यांस कळत होते. जे पेढीवरच्या शेटजींस कळले ते आपल्या पालिकांच्या अंदाजपत्रकास अद्याप कळावयाचे आहे.

सरकारी वळण निराळेच पडले होते. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने गावोगाव कोंडवाडे आले. मोकाट गुरू कोंडावे, धन्याकडून दंड व चाऱ्याचा खर्च घेऊन सोडावे, धनी न आला तर लिलाव करावा. गुरास किंमत होती, म्हणून हे गणित बसत होते. कोंडवाड्याचा खर्च कोंडलेले जनावरच काढी. पण ज्या जनावरास धनी नाही व बाजारात मोल नाही, त्याचा लिलाव कोण पुकारणार? कोंडवाड्याची बुद्धी येथे खुंटली, आणि तेथून जी खुंटली ती आजतागायत. मुंबईत तर १९९४ पर्यंत धरलेली कुत्री मारून टाकण्याचीच रीत होती. मेलेल्या जनावरास चारा लागत नाही, एवढाच त्या रीतीचा अर्थशास्त्रीय गुण.

पुढे काळ बदलला. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या विषयांची जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा पंधरावा विषय आहे. त्याच्या अलीकडे स्मशाने व दफनभूमी, पलीकडे जन्ममृत्यूची नोंद. स्मशानाचा खर्च पालिका कोणा दानशूराच्या मर्जीवर सोडीत नाही, आणि जन्ममृत्यूचे दप्तर ठेवणाऱ्या कारकुनास दर मृत्यूमागे अमुक रुपये असा ठेकाही देत नाही. तेवढा मधला विषय मात्र परका!

या परकेपणास कायदेशीर रूप २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी दिले. हेतू उत्तम होता : मारणे बंद करून नसबंदी व लस यांनी संख्या आटोक्यात आणावी. त्या नियमांत पालिकेने कुत्र्यांसाठी पुरेसे निवारे बांधावेत, गाड्या ठेवाव्यात, माणसे शिकवून तयार करावीत, हेही लिहिले होते. पण त्यांतच आणखी एक कलम होते की, प्राणिकल्याण संस्थांस जितक्या शस्त्रक्रिया व जितक्या लसी, त्या संख्येवर दर पंधरवड्यास खर्चाची भरपाई द्यावी. पालिकांनी पहिले कलम विसरावयाचे व दुसरे पाठ करावयाचे ठरविले. २०२३ मध्ये नवे नियम आले; तेही कामाचा भार स्थानिक संस्थेवर ठेवतात, आणि प्रत्यक्ष हात मान्यताप्राप्त संस्थांचा लावतात. शस्त्रक्रिया खरोखर झाली की नाही, हे ताडून पाहण्यास कापून काढलेल्या अवयवांची मोजदाद होते. वाचकहो, या मोजदादीचा अर्थ लक्षात घ्या. जे कापले त्याचा हिशेब चोख आहे. जे जगले, जखम भरून आली की चिघळली, लस पुढल्या वर्षी पुन्हा टोचली की नाही, त्याच्या हिशेबाचे बिल निघत नाही, म्हणून त्याची वहीही नाही.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये सुधारलेली योजना जाहीर केली, तीत दर कुत्र्यामागे ८०० रुपये व दर मांजरामागे ६०० रुपये ठरविले आहेत. शिवाय सरकारी पशुरुग्णालयांस शस्त्रक्रियेची सोय करण्यासाठी २ कोटींपर्यंत, लहान निवाऱ्यांस १५ लाख व मोठ्यांस २७ लाख. ही रक्कम थोडी आहे असे आम्ही म्हणत नाही. भिंत व पत्रा यांची सोय झाली, चाकूची झाली. पण तिसाव्या दिवशी झाडूवाल्याचा पगार, ओषध व खाणे कोठून येणार? बांधकामाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र येते. झाडूवाल्याच्या पगाराचे उद्घाटन कोणी करीत नाही.

थोडी त्रैराशिके मांडून पाहू. २०१४ च्या गणनेत मुंबई महापालिकेच्या हद्दीत ९५,१७२ भटकी कुत्री भरली. एका कुत्र्याच्या पालनास दिवसाकाठी ५० रुपये लागतात असे धरून चालू. सर्वांस कायमचे कोंडावयाचे म्हटले तर रोजचे साडेसत्तेचाळीस लाखांवर आणि वर्षाचे सुमारे १७४ कोटी रुपये होतात. जागा, डॉक्टर व नोकर निराळे. 'सगळी उचलून न्या' म्हणून गर्जणाऱ्या पहिल्या तटाने हा आकडा घरपट्टीच्या पावतीमागे लिहून ठेवावा. उलट ८०० रुपये म्हणजे त्याच हिशेबाने एका कुत्र्याचे सोळा दिवस. दुर्बळ, आंधळ्या, आक्रमक अशा ज्या थोड्या कुत्र्यांस खरोखरच सोडता येणार नाही, त्यांच्या सतराव्या दिवसाचे काय? तो दिवस कोणत्या तरी उदार बाईंच्या पेन्शनीतून निघतो. तेथेच पालिकेची दया संपते व नागरिकाची सुरू होते.

हे ५० रुपये आम्ही हवेतून आणलेले नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात गोशाळांतील देशी गायींच्या पालनपोषणासाठी दर गायीमागे रोजी ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयामागील राजकारण ज्याचे त्याने ओळखावे. आम्हांस त्यातील एक शब्द महत्त्वाचा वाटतो : 'रोजी'. म्हणजे आश्रयाचा खर्च रोजचा असतो, तो एकदाच्या अनुदानाने भागत नाही, हे तत्त्व सरकारास ठाऊक आहे आणि मान्यही आहे. ते कोणत्या प्राण्यास लागू करावयाचे, एवढ्याचाच वाद.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो : 'माणसांस पाणी मिळत नाही, तेथे कुत्र्यांचे लाड कशाला?' आक्षेप ऐकण्यास मोठा लोककल्याणकारी वाटतो. परंतु २०२४ या एका वर्षात देशभर कुत्रे चावल्याची सुमारे ३७ लाख प्रकरणे नोंदली गेली. हे चावे कोणास बसतात? पहाटे दूध टाकणाऱ्या पोरास, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारास, झोपडीबाहेर खेळणाऱ्या मुलास. आक्षेपक बहुधा मोटारीत बसून आक्षेप घेत असतो. शिवाय चाव्यानंतर सरकारी दवाखान्यात टोचली जाणारी लस सार्वजनिक तिजोरीतूनच येते. आणि रेबीज एकदा अंगात प्रकटला की माणूस वाचत नाही. तेव्हा खर्च करावा की न करावा, हा पर्याय उपलब्धच नाही. तो कुत्र्याच्या दंडात सुई टोचून करावा की मुलाच्या, एवढीच निवड आहे.

दुसरा आक्षेप दयाळू पक्षाचा : सरकारी माणसे निर्दय, हे काम संस्थांच्या हातीच शोभते. त्यांनी न्यूयॉर्कचा दाखला पाहावा. हेन्री बर्ग या गृहस्थाने १८६६ मध्ये अमेरिकेतील पहिली प्राणिक्रूरता-प्रतिबंधक संस्था तेथे काढली. शहराचा कोंडवाडा चालविण्यास तो जन्मभर नकार देत राहिला. त्याच्या पश्चात, १८९४ मध्ये, संस्थेने ते काम पत्करले आणि कुत्र्यांच्या परवान्याचे शुल्क तिच्याकडे आले. परिणाम असा झाला की, दयेसाठी जन्मलेली संस्था शंभर वर्षे शहरातील निराधार कुत्री-मांजरे मारण्याचे काम करीत बसली, आणि शेवटी १९९० च्या दशकाच्या मध्यास तिने ते ओझे टाकून दिले. पालिकेचे कर्तव्य धर्मादायाने अंगावर घेतले म्हणजे कर्तव्य सुटत नाही, धर्मादाय तेवढा बुडतो. संस्थांनी मदत करावी, देखरेख करावी, पालिकेस धारेवर धरावे. तिचा ठेकेदार होऊ नये. जो ठेकेदार झाला, त्याने पुढच्या निविदेच्या भीतीने तोंड मिटले असे समजावे.

रीत निराळी असली तर काय होते, हे पाहण्यास फार लांब जावयास नको. गोव्यात २०१४ च्या सुमारास सरकार व एक रेबीज-निर्मूलक संस्था यांनी मिळून काम आरंभिले. कुत्री कोंडली नाहीत. गल्लोगल्ली फिरून दरवर्षी लस टोचली, शाळांतून मुलांस शिकविले, संशयित कुत्र्याची खबर येताच माणूस धाडला. २०१४ मध्ये त्या चिमुकल्या राज्यात १५ माणसे रेबीजने गेली होती. २०१८ मध्ये एकही गेले नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाला. तेथे पैसा नगामागे सांडला नाही, सरकारने वर्षानुवर्षे तो चालू ठेवला. चालू ठेवला, हेच त्यातले औषध.

आमची मागणी म्हणून अगदी रूक्ष आहे. प्रत्येक महापालिकेने व नगरपालिकेने प्राणिनिवारा हे खाते आपल्या अंदाजपत्रकात भांडवली नव्हे, महसुली बाजूस, दिवाबत्ती व झाडलोट यांच्या ओळीत मांडावे. पशुवैद्य व श्वानरक्षक हे पगारी नोकर असावेत. नगामागची मजुरी बंद व्हावी, आणि संस्थेस द्यावयाचा पैसा एखाद्या प्रभागात लस टोचलेली कुत्री शेकडा किती टिकली यावर ठरावा.

'पैसा कोठून आणावा?' असे विचारणारांसाठी १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसविण्याची मुभा दिलेली आहे. तिचा नेटाने उपयोग केला तर रस्त्यावर टाकलेल्या, एकेकाळच्या लाडक्या विलायती कुत्र्यांचा धनीही सापडू लागेल. हा कर बसला तर आरडाओरड होईल. ती मात्र झोपडपट्टीतून होणार नाही. सकाळी पट्टा धरून फिरावयास निघणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरी कुत्र्याचा पालिकेचा परवाना आहे, याची आम्हांस फार दिवसांपासून जिज्ञासा आहे.