‘स्वतंत्र’ प्रोग्रामरची थकबाकी

घरी बसून कंपन्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा तरुण हा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे, असे आपणांस सांगण्यात येते. हे स्वातंत्र्य कसले? दरपत्रक त्याने द्यायचे, घासाघीस कंपनीने करायची. करारनामा कंपनीच्या वकिलाने लिहायचा, सही याने करायची. आणि बिल पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहायची. जीएसटीची नोंदणी असेल, तर पैसे हाती पडोत न पडोत, कर मात्र मुदतीत भरायचा!

कायदा नाही असे नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यान्वये नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. अन्यथा बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. परंतु पुढचे काम जाण्याच्या धास्तीने ग्रासलेला एकटा माणूस हा हक्क बजावणार कसा?

न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर व त्यावरील अशा कामांना लेखी करार सक्तीचा झाला, तो संघटनेच्या रेट्यामुळे. आपल्याकडेही आगाऊ रक्कम, देयकाची मुदत आणि ‘पूर्ण मोबदल्यावाचून प्रोग्रामची मालकी नाही’ ही कलमे असलेला सामाईक करारनामा संघटनेनेच पुढे आणला पाहिजे. एकट्याची अट ही याचना ठरते. सर्वांची अट हाच रिवाज होतो.