फोनवर खाट मिळत नाही

ऑगस्ट २०२३. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. काही जण अखेरच्या अवस्थेत आले होते, असं प्रशासन म्हणालं. मग ते आधी कुठे होते? ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेलं, त्यामुळे मुंब्रा, कल्याण, भिवंडी, शहापूर, सगळी गर्दी कळव्यावर.

आता उपाय म्हणून मोबाईल पुढे केला जातो. ई-संजीवनीवर डॉक्टर भेटतो, खरंय. अम्मीच्या शुगरच्या गोळ्यांसाठी जरूर वापरा. पण छातीत कळ आली तर? केंद्राचे मार्च २०२० चे टेलिमेडिसिनचे नियमच सांगतात: तातडीच्या वेळी फोनवर फक्त प्रथमोपचार, जीव वाचवण्यापुरता सल्ला आणि कुठे न्यायचं ते, रुग्णाने लवकरात लवकर डॉक्टरसमोर पोहोचलंच पाहिजे. तेव्हा आधी १०८ लावा, मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंतर विचारा.

फोनची खरी गरज रुग्णालयांनाच आहे. हृदयरोगतज्ज्ञ दूर असला तरी ईसीजी त्याच्यापर्यंत मिनिटात पोहोचतो. रुग्ण हलवण्याआधी खाट आहे का, हेही फोनवर कळतं. नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा विचारा: कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात रात्री दोन वाजता ईसीजी कोण वाचतो?