'पीस'मधला रक्तदाब आणि निवृत्तिवेतनाचा वाद

खास प्रतिनिधी, ठाणे

सैन्यातून निवृत्त होताना वैद्यकीय मंडळापुढे झालेल्या तपासणीतील एक शेरा माजी सैनिकाच्या उर्वरित आयुष्याचा हिशेब ठरवून टाकतो. 'प्रायमरी हायपरटेन्शन, अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी' असे लिहिल्यावर त्याच कागदावर पुढे 'सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही' अशी नोंद झाली, की अपंगत्व मान्य होते, पण त्यापोटीचा पैसा नाकारला जातो. कारण म्हणून बहुधा एवढेच दिलेले असते : विकार आढळला तेव्हा जवान 'पीस'मध्ये, म्हणजे शांतता क्षेत्रातील ठाण्यावर होता.

कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून सैन्यात गेलेले आणि निवृत्तीनंतर मुलांच्या नोकरी-शिक्षणासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्थिरावलेले माजी सैनिक थोडे नाहीत. चाळिशी-पन्नाशीत निवृत्त झालेला हवालदार घरभाडे वा हप्ते भागवण्यासाठी सुरक्षारक्षकाची दुसरी नोकरी धरतो. रक्तदाबाची गोळी मात्र त्याला रोजच घ्यावी लागते. अपंगत्वाचा दावा फेटाळला गेल्यास त्याला आधी पहिले अपील, मग दुसरे अपील आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण गाठावे लागते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठीचे खंडपीठ मुंबईत मलबार हिलवर आहे. डोंबिवलीहून तिथे पोहोचण्यात अर्धा दिवस जातो, आणि रोजंदारीवरच्या सुरक्षारक्षकाचा त्या दिवसाचा पगारही.

वादाचे मूळ नियमांच्या वाचनात आहे. १९८२च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजार लिहिलेला नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरायचे आणि पुढील बिघाडाचा संबंध सेवेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर ठेवायचा. शंका असेल तर तिचा फायदा दावेदाराला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात हेच ठामपणे सांगितले आणि भरतीवेळी आजार का ओळखता आला नाही याची कारणे वैद्यकीय मंडळाने लिहिलीच पाहिजेत, असे बजावले. २०१५च्या राजबीर सिंग निकालाने त्याला बळ दिले.

दुसऱ्या बाजूला लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे. तिच्या २००८च्या आवृत्तीत फील्ड, अतिउंचावरील प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहिमेचा प्रदेश किंवा दीर्घकाळ जहाजावरील सेवा, अशा ठिकाणी उद्भवलेला रक्तदाब सेवेने बळावलेला धरावा, असे म्हटले आहे. याचाच उलटा अर्थ लावला जातो : अन्य ठिकाणी आढळलेला रक्तदाब सेवेशी असंबंधित. वैद्यकदृष्ट्या हे तर्कट लंगडे आहे. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढत असतो. तो ज्या दिवशी मोजला जातो तो त्याच्या जन्माचा दिवस नव्हे. सियाचिन वा काश्मीरमध्ये तीन वर्षे काढून आलेल्या जवानाची तपासणी पुण्यात झाली, तर विकार पुण्याचा ठरवायचा?

रकमेचा विचार केला तर हा वाद का चिवट आहे ते उमगते. शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्व घटक अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. त्या हिशेबाने अखेरचे वेतन ४० हजार रुपये धरल्यास ३० टक्के अपंगत्वाला दरमहा ३,६०० रुपये मिळतील. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरावे हा नियम लागू झाला, की तेच ६,००० होतात आणि त्यावर महागाई मदत. सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना हा लाभ देण्यास सरकार तयार नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. उशीर मात्र महाग पडत आला आहे. २००८च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे अनेकांना थकबाकी याचिकेपूर्वीच्या केवळ तीन वर्षांचीच मिळाली.

सरकारची बाजू अगदीच निराधार नाही. रक्तदाब नागरी जीवनातही सर्रास आढळतो, मग प्रत्येक रुग्णाचा भार संरक्षण खात्याने का उचलावा? महालेखापालांच्या २०२३ मध्ये मांडलेल्या अहवालाने तर २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्व निवृत्तिवेतनासह बाहेर पडल्याचे दाखवून जीवनशैलीच्या आजारांकडे बोट दाखवले. परंतु त्याच अहवालात अधिकारी पदाखालील सैनिकांचे प्रमाण १५ ते १८ टक्के आहे. गैरवापराचा संशय असेल तर तो वरच्या पायरीवर तपासावा. त्याची किंमत हवालदाराने का मोजावी?

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्येच अशा प्रकरणांतील सरकारी अपिले थांबवण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निर्णयांविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार पुन्हा उघडले आणि त्यातून सरकारच्याच याचिका मोठ्या संख्येने आत शिरल्या. १ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अशा सुमारे ३०० याचिका एकत्रित फेटाळल्या. शांतता क्षेत्रात विकार आढळला एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, लष्करी सेवेतला ताण तिथेही असतो, असा त्या निकालाचा आशय. मुंबईच्या खंडपीठासमोर तो आधार म्हणून मांडता येईल, पण दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचा निकाल इथे बंधनकारक नसतो. एकाला मिळालेला न्याय दुसऱ्याच्या निवृत्तिवेतनात आपोआप उतरत नाही. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा, ही यातली खरी गोम.

२१ सप्टेंबर २०२३ पासूनच्या निवृत्तांसाठी नियमच बदलले आहेत. सेवेत अपंगत्व येऊनही मुदत पूर्ण करणाऱ्यास आता 'इम्पेअरमेंट रिलीफ' या वेगळ्या नावाने रक्कम मिळते. त्याआधी निवृत्त झालेल्यांचे दावे मात्र जुन्याच नियमांवर चालणार आहेत. त्यांच्यासाठी निर्णायक ठरतो तो निवृत्तीवेळच्या वैद्यकीय मंडळाचा मूळ अहवाल आणि सेवेतील नेमणुकांची तारीखवार यादी. दोन्हींची प्रत संबंधित अभिलेख कार्यालयाकडून माहिती अधिकाराखाली मागता येते. अर्जासाठी मार्गदर्शन हवे असल्यास ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधता येईल.